दोष पायात की गाडीत

दसरा झाला आणि आमची जुनी गाडी शिरूरच्या रस्त्याला बंद पडायला लागली. त्यावरून घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं, की आप्पा म्हातारे झाले.

आप्पा म्हणजे माझे मालक. ते म्हातारे झालेत ही बातमी मला नवी नव्हती. रोज सकाळी माझ्यासमोरच बसून चहा फुर्र करतात. पण गाडी बंद पडते म्हणून माणूस म्हातारा, हे गणित काही माझ्या गळी उतरेना. गाडी तरी कुठं तरणी आहे? गोल दिव्यांची, स्टिअरिंगलाच गिअर असलेली, पेट्रोलवर चालणारी. सासऱ्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरकडून वापरलेली घेतली होती. तिचं तरुणपण पुण्यात गेलं, म्हातारपण आमच्या केडगावात चाललंय. अगदी माझ्या उलट. मी कासुर्डीची, मला तरुणपण आणि म्हातारपण दोन्ही इथंच काढावं लागलं.

आठवड्याआड आप्पा तिच्यातून शिरूरला जायचे, त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटायला. वन्संचे गुडघे गेलेत, त्यांना कुठं येता-जाता येत नाही. हे जायचे, बहीणभाऊ ओट्यावर बसून जुन्या भांडणांची उजळणी करायचे, आणि दिवस मावळायच्या आत हे परत. शेत पोरानं वाट्यानं दिलंय, सोसायटीच्या राजकारणातून ह्यांना लोकांनी गोडीगुलाबीनं बाजूला केलंय. ह्यांचा म्हणून एवढा एकच रस्ता उरला होता : केडगाव, पारगाव, न्हावरा, शिरूर.

त्याच रस्त्यावर गाडी रुसायची. पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडून पलीकडचा चढ लागला, की आधी उचकी लागल्यासारखे आचके द्यायची. मग अॅक्सिलरेटर दाबा नाहीतर पायाखाली उशी दाबा, दोन्ही सारखंच. जीव जात जात कडेला जाऊन थांबायची. आप्पा उतरायचे, टाकीत पेट्रोल आहे का बघायचे, बॉनेट उघडून आत डोकावायचे, परत बसून किल्ली फिरवायचे. आणि बाई लगेच सुरू! काही झालंच नाही असा चेहरा करून पुढं पळायची. कधी कधी न्हावऱ्याच्या पुढं पुन्हा तेच.

केडगावच्या गॅरेजवाल्याला दाखवली. पोरगा हुशार आहे, नव्या गाड्या कॉम्प्युटर लावून तपासतो. त्यानं वायर हातात घेऊन आमच्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"आजी, हिला वायर लावायची कुठं? हिला जागाच न्हाई."

"मग नाडी बघ," मी म्हटलं.

त्यानं बिचाऱ्यानं खरंच नाडी बघितली. प्लग काढून घासले, पॉइंट साफ केले, कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुतला, हवेच्या फिल्टरमधून गुऱ्हाळाची काजळी झटकली. आमच्या शेजारी गुऱ्हाळ आहे, त्यामुळं आमच्याकडं सगळ्याच गोष्टींना थोडी काजळी असते. स्टेशनपर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, "एकदम झकास." पुढच्या खेपेला झकास गाडी पारगावच्या चढावर झकासपैकी बंद पडली.

मग आमच्या चिरंजिवांनी हातात घेतली. पोरगा रांजणगावला कंपनीत सुपरवायझर आहे. आठवडाभर कारेगावात खोली करून राहतो, शनिवारी घरी येतो. त्यानं रविवारी सकाळी गाडी काढली, चौफुल्यापर्यंत जाऊन आला आणि पोह्यांच्या बशीसमोर निकाल दिला.

"आप्पा, गाडीत फॉल्ट न्हाई. मी सोता ट्रायल घेतली. मख्खन चालती."

"मग माझ्याच हातात कशी बंद पडती?"

"त्येच म्हणतोय मी."

सूनबाईनं पोह्यांवर कारण नसताना आणखी कोथिंबीर घातली.

"पाय," पोरगा बशीकडं बघत म्हणाला. "चढाला तुमचा पाय कमी पडतो. रेस द्यायची तवा देत न्हाई, आन् क्लच लवकर सोडता. इंजिन दबून बंद पडतं. वयात हुतं आसं. रिअॅक्शन स्लो हुती. आमच्या कंपनीत फोर्कलिफ्टवाल्याची सुदा मेडिकल घेत्यात."

"मला फोर्कलिफ्ट चालवायची न्हाई. मला बहिणीकडं जायचंय."

"मी नेत जाईन की. सुट्टी बघून. किल्ली तेवढी माझ्याकडं राहू द्या."

आप्पांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. आवाज न करता ठेवली. हा माणूस उभ्या आयुष्यात कधी न भांडता काही देत नाही. मला लग्नात घातलेलं मंगळसूत्र सोडलं, तर बाकी सगळं मी भांडूनच मिळवलंय.

दुपारी मी पाणी द्यायला गेले तर हे बाजेवर बसले होते. उजवा पाय समोर लांब केलेला, आणि बोटं हलवून बघत होते. एकेक करून. परक्याचा पाय असावा तसे त्याच्याकडं बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. चप्पल चावली."

ते अनवाणी होते.

आता इथं मी माझी लायकी सांगितली पाहिजे, म्हणजे पुढं मी शहाणपणा केला तर तुम्हाला त्याची खरी किंमत कळेल. एके काळी ह्या पंचक्रोशीत गाडी बंद पडली की मला बोलवायचे. हसू नका. मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात माहेराहून परत येत होतो. आईनं लोणच्यासाठी कैऱ्या, मीठ आणि मोहरी बांधून दिलेली. यवतच्या पुढं भर उन्हात गाडी बंद पडली. आप्पा बॉनेट उघडून घाम पुसत उभे, आणि ही शहाणी नवरी खाली उतरली. तेव्हा मला गाडी बंद पडायची दोनच कारणं ठाऊक होती : पेट्रोल संपलं, नाहीतर दृष्ट लागली. पेट्रोल होतं. मग राहिलं काय? मी मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या, गाडीवरून उतरवल्या आणि टाकायच्या कुठं हे न कळून थेट इंजिनावर टाकल्या. इंजिन असं तापलेलं, की मोहरी फोडणीत पडावी तशी तडतडली.

"बघा, बघा!" मी ओरडले. "केवढी जबर नजर हाय!"

आप्पांनी हताश होऊन किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. उन्हानं पाइपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती, माझं नाटक चालू असताना इंजिन जरा गार झालं आणि पेट्रोल पुन्हा वाहायला लागलं, एवढंच. पण ते मला सांगणार कोण? मी पदर खोचून गाडीत बसले ती जणू माझंच गॅरेज आहे अशी. गावात बोभाटा झाला. लोक मोटारसायकली घेऊन दारात यायला लागले. एकदा तर विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला मीठ-मोहऱ्या उतरवायला घेऊन गेले. ते ढिम्म हललं नाही. तेव्हा ह्या बाईनं काय सांगावं? "ही नजर बाहेरची न्हाई, घरातलीच हाय." त्या घरात दोन जावा होत्या. पुढचे कित्येक महिने त्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत नव्हत्या, आणि इंजिनाला फक्त नवा वॉशर हवा होता. त्या नव्या नवरीला आज कुणी माझ्यासमोर उभं केलं, तर मी तिच्या हातातली मोहरी काढून घेऊन तिला लोणचं घालायला बसवीन. तेवढं तरी तिला चांगलं यायचं.

असो. तर आप्पा पायाची बोटं हलवून बघत होते आणि मी विचार करत होते. भाजी खारट लागली की दोन शक्यता असतात. मीठ जास्त पडलं, किंवा आपलीच जीभ बिघडली. अशा वेळी काय करतात? दुसऱ्याला चाखायला देतात. आमच्या पोरानं गाडी चालवून बघितली ती चौफुल्यापर्यंत, गॅरेजवाल्यानं स्टेशनपर्यंत. पारगावच्या चढावर मात्र फक्त आप्पांनीच. अर्धवट शिजलेल्या भाजीवरून कुणी निकाल देतं का?

पुढच्या रविवारी मी पोराला म्हटलं, "वन्सं बोलावतायत. तू ने आम्हाला. ह्याच गाडीनं."

"आई, माझी गाडी हाय की. एसी हाय."

"एसीनं माझं नाक वाहतं. ह्याच गाडीनं ने."

एसीनं माझं काही वाहत नाही. पण म्हातारपणाचा हा एक फायदा असतो, आजार कुठलाही सांगा, लोक मान डोलावतात.

आप्पांना चालकाशेजारी बसवलं. त्या जागेवर त्यांना कधी बसलेलं मी बघितलं नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजेना. शेवटी मांडीवर ठेवले, फोटो काढताना ठेवतात तसे. मी मागं बसले. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला भीती वाटत होती. गाडी नीट शिरूरला पोचली, तर पोराचं म्हणणं खरं. मग तो पाय तसाच बाजेवर राहणार, आणि आप्पा त्याच्याकडं बघत. म्हणून जे कुठल्याच देवाकडं कुणी मागत नाही ते मी मागितलं. खंडेराया, गाडी बंद पाड.

पारगाव आलं. पूल आला. भीमेला पाणी बऱ्यापैकी होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. पूल संपला, चढ लागला.

काही झालं नाही.

पोरानं आरशातून माझ्याकडं बघितलं. आप्पा समोर बघत होते, आणि त्यांचा उजवा पाय खाली रिकाम्या जागेवर हळूहळू दाबला जात होता, जणू तिथं अॅक्सिलरेटर आहे. मी मनातल्या मनात खंडेरायाला नाही नाही ते बोलले.

आणि मग गाडीला उचकी लागली.

एक. मग दुसरी. पोरानं रेस दिली. गाडीनं आचका दिला. त्यानं गिअर उतरवला, पाय पार जमिनीला टेकवला. "आरं! आरं!" म्हणाला. गाडी कण्हत कण्हत कडेच्या बाभळीखाली गेली आणि गप झाली. मागून एक कंटेनर हॉर्न वाजवत निघून गेला.

"पाय," मी मागून म्हटलं. "पाय कमी पडतोय तुझा."

आप्पा हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरगा लाल झाला, मग त्यालाही हसू आवरेना. आडरानात बंद पडलेल्या गाडीत आम्ही तिघं वेड्यासारखे हसत बसलो होतो. मोटारसायकलवरनं चाललेल्या एकानं थांबून विचारलं, "काय मदत पायजे का?" आप्पांनी काच खाली करून त्याला सांगितलं, "न्हाई बाबा, मजेत हाय. माझ्या पोराला पण न्हाई जमत!"

तो आमच्याकडं बघत बघत गेला.

हसून झाल्यावर आप्पा उतरले. आता त्यांच्या चालण्यात जोर होता. त्यांनी मागच्या डिकीतून बांबूची कामटी काढली. गाडीचा पेट्रोलचा काटा कधीचा मेलाय, त्यामुळं आप्पा टाकीत कामटी बुडवून ती किती ओली झाली त्यावरून पेट्रोल बघतात. एरवी असं झालं की मी गाडीतच बसायची, पेट्रोलच्या वासानं माझं डोकं उठतं. त्या दिवशी मात्र आनंदाच्या भरात मीही उतरून त्यांच्या मागं गेले.

त्यांनी टाकीचं टोपण फिरवलं. आणि मला आवाज आला. बारीक, लांब. फुस्स्स.

"थांबा," मी म्हटलं. "हा आवाज कसला?"

"कसला आवाज?" आप्पा म्हणाले. त्यांचे कान अलीकडं जरा जाड झालेत.

"तिनं श्वास घेतला."

पोरानं माझ्याकडं बघितलं ते आईला ऊन लागलं की काय अशा नजरेनं. माझ्या जुन्या कर्तृत्वाच्या गोष्टी त्यानं लहानपणी ऐकलेल्या आहेत. पण ह्या खेपेला माझ्याकडं मोहरी नव्हती, डोकं होतं. मी विचारलं, "तेलाचा नवा डबा फोडताना मी किती भोकं पाडते?"

"दोन," पोरगा म्हणाला. "एक ह्या कोपऱ्यात, एक त्या."

"दुसरं कशाला?"

"हवा जायला. न्हाईतर तेल..." आणि तो थांबला.

नाहीतर तेल येत नाही. धार लागते, बारीक होते, गुळगुळ करते आणि अडकते. डब्यात हवा शिरल्याशिवाय तेल बाहेर कसं यायचं? गाडी पेट्रोल ओढत होती आणि टाकीत हवा यायला वाटच नव्हती. आत सगळं ओढून धरलेलं. स्टेशनपर्यंत, चौफुल्यापर्यंत निभायचं. लांबचा पल्ला आला की पारगावपर्यंत तिचा दम संपायचा. आप्पा पेट्रोल बघायला टोपण उघडायचे, हवा आत जायची, आणि गाडी सुरू. प्रत्येक वेळी औषध तेच देत होते, आणि त्यांनाच माहीत नव्हतं.

"पण टोपणाला भोक असतं की," पोरगा म्हणाला. "जुन्या गाड्यांच्या टोपणाला हवेचं भोक असतंच."

आम्ही तिघांनी टोपण बघितलं. भोक दिसायला टोपण तर दिसलं पाहिजे! ते सगळं शेंदरानं थापलेलं. खंडेनवमीला आप्पा कुदळ-फावड्यांपासून सगळ्या लोखंडाला तेलात कालवलेला शेंदूर लावतात. गाडीला दरवर्षी बॉनेटवर एक बोट लावायचे, बास.

"ह्या वर्षी इथं कुणी लावला?" पोरानं विचारलं.

आप्पा बाभळीकडं बघायला लागले.

"वाटीत उरला हुता," शेवटी म्हणाले. "देवाचा शेंदूर उकिरड्यावर टाकायचा का? म्हटलं, गाडीचं तोंड हाय हे. हितनंच खाती ती."

"तोंडाला लावला ते बरं केलं," मी म्हटलं, "पण नाक बुजवलंत की तिचं."

आणि मग मला आठवलं. गॅरेजवाल्यानं गाडी धुऊन पुसून चकाचक केली होती, फक्त टोपणाला फडकं लावलं नव्हतं. पोरानं पेट्रोल भरून घेतलं, तर पंपावरच्या मुलानंसुद्धा टोपण दोन बोटांनी कडेनं धरून उघडलं. दसऱ्याचं लागलेलं कोण पुसणार? जो तो नमस्कार करावा तसा त्या टोपणाला हात लावत होता, आणि शेंदूर वाळून दगड होत होता.

मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली. आप्पांनी माझा हात धरला.

"अगं, देवाचं हाय त्ये."

"देवाला मी सांगते. त्याला पण श्वास लागतो."

पिनेनं टोकरत टोकरत शेवटी भोक सापडलं, मोहरीएवढं. आप्पांनी टोपणातून फुंकर मारून बघितली. पलीकडं माझ्या तळहाताला वारा लागला. त्यांनी पुन्हा फुंकलं. मला पुन्हा वारा लागला. तिसऱ्यांदा कारण नसताना फुंकलं, आणि मी हात तसाच धरून ठेवला.

पोरानं गाडी सुरू केली, शिरूरपर्यंत नेली. वाटेत एक आचका नाही. वन्संच्या ओट्यावर चहा झाला, भाऊ-बहिणीची दोन भांडणं झाली. कुणी पायाचा विषय काढला नाही. परत निघताना पोरगा गाडीपाशी गेला, दार उघडलं, आणि तिथंच घुटमळला. मग किल्ली आप्पांच्या पुढं धरली.

"तुम्हीच घ्या. माझी कंबर दुखतीय जरा."

कंबर दुखायला त्यानं काय पोती उचलली होती? पण कुणाचा पोरगा आहे शेवटी. आजार सांगायला तो माझ्याकडूनच शिकला.

आप्पा बसले. आरसा आपल्या उंचीला लावला, सीट पुढं ओढली, क्लच दोनदा उगाच दाबून बघितला. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता मोकळा होता. दोन्हीकडं ऊस. गाडी अशी काही पळायला लागली, की माझा पदर खिडकीतून फडफडला. पुढच्या उतारावर आप्पांनी एक पिकअप मागं टाकला, मग एक ट्रॅक्टर. पोरानं डाव्या हातानं दाराचा दांडा घट्ट धरलेला मला मागून दिसत होता.

"आप्पा," तो शेवटी म्हणाला, "जरा सावकाश घ्या की."

त्या वाक्याइतकं गोड ह्या घरात बरेच दिवस कुणी काही बोललं नव्हतं. मी चपला काढल्या, पाय सीटवर घेतले आणि पारगाव यायच्या आतच डोळा लागला.